फलाट चौथ्यांदा उंच करताना

अस्वली स्टेशनच्या दारात पूर्वी तीन पायऱ्या चढाव्या लागत.
मी पाहिल्या नाहीत. जुन्या नकाशात आहेत,
निळ्या शाईच्या, उंदराने कुरतडलेल्या कोपऱ्यात.
पहिल्यांदा फलाट उचलला तेव्हा दोन उरल्या,
मग एक,
मग उंबरा आणि फलाट एका पातळीत आले.
आता माझ्या सहीने चौथा भराव पडतोय.
यापुढे तिकीट काढायला लोक खाली उतरतील.

दोष रुळांचा, असं मी मास्तरांना सांगितलं.
सोपान गभालेची गँग रुळाखाली खडी ठोकते,
दर खेपेला रूळ नखभर वर येतो.
नखभर गुणिले दीडशे वर्षं.
गाडी वर, फलाट खाली,
आणि मधल्या फटीत घोटीच्या बाजाराला निघालेली बाई,
डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी.
डब्याच्या पायरीवर ती आधी गुडघा टेकवते, मग हात, मग देवाचं नाव.
तिच्यासाठी आठशे चाळीस मिलिमीटर.
इमारत बुटकी होते, होऊ दे.
काळ्या दगडाला गुडघे नसतात.

दुपारी दीडचा ब्लॉक मिळाला, पावणेदोन तासांचा.
कड फोडली तसे थर दिसले:
वर आमचंच काँक्रीट, मुदतीआधीच भुसभुशीत,
खाली वीट,
विटेखाली चुना, अजून नखाला दाद न देणारा,
आणि तळाशी घडीव दगड.
एकाच्या पोटाकडच्या अंगाला छिन्नीची खूण:
दोन उभ्या रेघा, एक आडवी, टोकाला टिंब.

मला वाटलं, यलप्पा धोत्रेला भरून येईल.
पाच पिढ्या दगडच फोडतायत ते.
मी मोबाइल काढला, फोटोसाठी त्याला जवळ बोलावलं.
त्याने खुणेवरून अंगठा फिरवला, धूळ पुसली,
म्हणाला, "ही आमची नव्हं, बाई.
आमच्याकडं त्रिकोण काढायचे. ह्यो कुणी दुसरा."
"पण नाव असेल ना त्याचं?"
"नाव कशाचं? मजुरीचा हिशोब. शंभर दगड, शंभर खुणा,
सांजच्याला साहेब मोजणार, त्यावर पैसे.
मोजून झालं की खूण आत."
मग त्याने दोघांना हाक मारली
आणि खूण होती तशीच आतल्या अंगाला ठेवून
दगड बसवला.
माझ्या फोटोत आली ती सपाट बाजू.

सव्वातीनला ब्लॉक सुटला.
मालगाडी घाटाकडे गेली,
लेव्हलच्या नळीतला बुडबुडा थरथरत राहिला, बराच वेळ,
मग दोन रेघांच्या मधे येऊन बसला.

मास्तर वाघचौरे खिडकीतून रोज एकच विचारतात:
"पाणी माझ्या पायात नाही ना येणार?"
त्यांचं चुकत नाही. फलाटाचा उतार रुळांपासून उलटा असतो,
साठास एक, थेट त्यांच्या दाराकडे. नियमच तसा.
म्हणून दाराआधी नाली दिलीय, वर लोखंडी जाळी.
नाही येणार, म्हणाले मी. दोनदा मोजलंय.

तेराव्या रात्री, काँक्रीटचं पाणी पिऊन झाल्यावर,
शेवटची पॅसेंजर गेली आणि फलाटावर कुत्रंही उरलं नाही, तेव्हा
हातपंपावरून एक बादली आणली,
कडेला रिकामी केली, टॉर्च धरून मागोमाग चालले.
पाणी आधी थबकलं, मग निघालं
झाडूच्या रेघांमधून,
जाळीपाशी पोचलं आणि खाली पडलं. आवाज आला.

सगळं नाही पडलं.
बोटभर ओघळ जाळीच्या कडेने निसटला
आणि वळला उंबऱ्याकडे,
जिथे पूर्वी पायऱ्या होत्या.
मी तिथेच उकिडवी बसले,
खडूने त्याच्याभोवती रेघ मारली,
सकाळी फोडायला.